नॅसमध्ये नव्या डिस्क टाकायच्या आहेत : जुना व्हॉल्युम वाढवू की वेगळा करू?

झाडीचा पोऱ्या

नमस्कार मंडळी. वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यात आम्ही काही जण मिळून झाडीपट्टीच्या नाटकांचं आणि दंडारीचं (इकडच्या लोकनाट्याचं) चित्रीकरण करतो. नाटक मंडळाची परवानगी घेऊनच करतो, आणि एक प्रत त्यांना देतो. झाडीपट्टी रंगभूमीवरच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीचं नाव देशभर झालं, पण जुन्या कलावंतांचं काम बघायचं म्हटलं तर आमच्या हाताशी फार थोडं चित्रण आहे. निदान आत्ताचं तरी हरवू नये एवढीच इच्छा.

यासाठी वर्गणी करून सिनॉलॉजी कंपनीचा चार बेचा (डिस्क बसवायच्या चार खणांचा) नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडून सगळ्यांना वापरता येणारा डिस्कचा खोका, घेतला. सध्या दोन बेमध्ये ४ टीबीच्या दोन डिस्क आहेत. एसएचआर (एक डिस्क गेली तरी माहिती वाचवणारी सिनॉलॉजीची पद्धत), एक पूल, एक व्हॉल्युम, फाइल सिस्टिम बीटीआरएफएस. बाकी दोन बे रिकामे.

अडचण जागेची. ५० एमबीपीएसने रेकॉर्डिंग केलं की तासाला साडेबावीस जीबी जातात. नाटक रात्री चढतं ते पहाटे उतरतं. सहा तास धरले तर एका कॅमेऱ्याचे १३५ जीबी, दोन कॅमेऱ्यांचे २७०. अशा पंधरा रात्रीसुद्धा ४ टीबीत बसत नाहीत, आणि आमचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत चालतो. दुसऱ्या कॅमेऱ्याचं बरंचसं चित्रण काढून टाकूनही व्हॉल्युम ८८ टक्के भरला आहे.

आता ८ टीबीच्या दोन नव्या डिस्क आल्या आहेत. त्या जुन्या पुलात टाकून व्हॉल्युम वाढवायचा, की नव्या दोघींचा वेगळा पूल, वेगळा व्हॉल्युम करायचा? रोवणीचे (भातलावणीचे) दिवस आहेत, चित्रीकरण बंद आहे, तेवढ्यात हे काम उरकायचं आहे. सांगा जी.

मोहफूल

दादा, काम फार मोलाचं आहे. प्रश्नाला दोन भाग आहेत, आधी हिशेबाचा भाग घेते.

जमिनीचे तुकडे जोडून एक शेत केलं तर तो पूल, आणि त्या शेतात बांध घालून पाडलेली बांधी म्हणजे व्हॉल्युम. डिस्क खाली, तिच्यावर पूल, पुलावर व्हॉल्युम, व्हॉल्युममध्ये तुमची शेअर्ड फोल्डरं. डिस्क गेली तर पूल सांभाळून घेतो. पूल गेला तर त्याच्यावरचं सगळं जातं.

चारही डिस्क एका एसएचआर पुलात घातल्या तर बेरीज २४ टीबी. एका डिस्कच्या संरक्षणासाठी सगळ्यात मोठ्या डिस्कएवढी जागा जाते, म्हणजे ८ वजा. हाती १६ टीबी. साधं रेड-५ (डिस्क जोडून एकीचं संरक्षण ठेवायची नेहमीची पद्धत) असतं तर प्रत्येक डिस्कचे फक्त ४ टीबी धरले गेले असते आणि १२ च मिळाले असते. वेगळा पूल केला तर जुन्या जोडीचे ४ आणि नव्या जोडीचे ८, मिळून १२.

स्क्रीनवर हे आकडे कमी दिसतील, घाबरू नका. डिस्क विकणारा १००० च्या पटीत मोजतो, नॅस १०२४ च्या पटीत. त्यामुळे ४ टीबीची डिस्क ३.६ आणि ८ ची ७.२ च्या आसपास दिसते.

जागेच्या दृष्टीने एकच पूल बरा. पण ते बटण दाबण्याआधी एक काम करा. स्टोरेज मॅनेजरमध्ये दोन्ही जुन्या डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) उघडा आणि ५, १९७, १९८, १९९ या चार ओळींपुढचे मूळ आकडे इथे लिहा. पूल वाढवताना जुन्या डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचला जातो. अंगात ताकद आहे की नाही ते आधी बघितलेलं बरं.

सातपुडा_पायथा

माझं मत थोडं वेगळं आहे. मी अकोटकडचा, माझ्याकडे लग्नांच्या फोटो-व्हिडिओचं काम असते. मी मुद्दाम दोन वेगळे पूल ठेवले आहेत. कारण एकच : एका पुलात दोन डिस्क एकदम गेल्या तरी दुसऱ्या पुलातलं काम जिवंत राहते. चार डिस्कच्या एका पुलात एकीचंच संरक्षण असते. दुसरी गेली की चौघींवरचं सगळं गेलं, फक्त त्या डिस्कवरचं नाही.

जागा कमी मिळते हे खरं, पण भाऊ, ४ टीबीसाठी सगळं एका दावणीला कशाला बांधायचं?

वर्धाकाठ

सातपुडा भाऊंचा मुद्दा रास्त आहे. अजून एक बघून घ्या : नव्या डिस्क सीएमआर आहेत की एसएमआर? सीएमआरमध्ये मजकुराचे पट्टे वेगवेगळे असतात, एसएमआरमध्ये ते एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे एक जागा बदलायची तर शेजारचं सगळं परत लिहावं लागतं. रोजच्या कॉपीला ते कळत नाही. पुलाची दुरुस्ती चालू झाली की मात्र वेग कोसळतो, आणि कधी कधी नॅस त्या डिस्कला बिघडलेली समजून बाहेर काढतो.

२०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या लाल लेबलवाल्या नॅस डिस्कमध्ये २ ते ६ टीबीचे काही मॉडेल एसएमआर असल्याचं उघड झालं होतं. नंतर त्यांनी सीएमआरवाल्या वेगळ्या करून प्लस नावाने विकायला सुरुवात केली. सीगेटची आयर्नवुल्फ मालिका आणि तोशिबाची एन३०० सीएमआर आहे. डिस्कवरचा मॉडेल नंबर कंपनीच्या कागदाशी ताडून बघा. नुसत्या खोक्यावरच्या "नॅससाठी" या शब्दावर जाऊ नका.

झाडीचा पोऱ्या

नव्या दोन्ही सीएमआर आहेत, मॉडेल नंबर तपासला.

स्मार्टचे आकडे : पहिल्या डिस्कला चारही ओळींत शून्य. दुसऱ्या डिस्कला ५ पुढे ८, १९७ पुढे २४, १९८ पुढे २४, १९९ पुढे शून्य. मागच्या महिन्याचा अहवाल ईमेलमध्ये सापडला, त्यात १९७ पुढे ८ होते. पूल मात्र हिरवा दाखवतो आहे, "निरोगी" म्हणून.

मोहफूल

दादा, वाढवायचं काम इथेच थांबवा. आता प्रश्न जागेचा राहिला नाही.

१९७ म्हणजे जे सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) वाचता आले नाहीत आणि ज्यांचा निकाल लागायचा आहे ते. १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत वाचता न आलेले. ५ म्हणजे खराब ठरवून ज्यांच्या जागी राखीव सेक्टर दिले गेले ते. १९९ शून्य आहे, म्हणजे वायर किंवा जोडणीचा दोष नाही, डिस्कच्याच पृष्ठभागाचा आहे. एकदा आठ सेक्टर बिघडून वर्षभर तिथेच थांबले असते तर मी "लक्ष ठेवा" म्हटलं असतं. आठाचे चोवीस झाले, म्हणजे आकडा चालता आहे.

गूगलच्या तिघांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला होता. त्यात पहिली स्कॅन एरर (डिस्क तपासताना सापडलेला दोष) आल्यानंतर पुढच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता, तशी एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात दुसरी बाजूही आहे : निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणून पहिल्या डिस्कचे चार शून्य बघून निश्चिंत होऊ नका. खूण दिसली तर विश्वास ठेवायचा, नाही दिसली तर प्रत ठेवायची.

पूल हिरवा आहे कारण त्याला दोन्ही डिस्ककडून अजून उत्तरं मिळताहेत. दुसरीने एक सेक्टर दिला नाही तर पहिलीकडून घेऊन तो काम भागवतो. पुलाचा रंग आणि डिस्कची तब्येत या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता क्रम सांगते, आणि हा क्रम मोडू नका.

सगळ्यात आधी, नव्या दोनपैकी एक ८ टीबीची डिस्क यूएसबी डॉकमध्ये लावा आणि व्हॉल्युमवरचं सगळं तिच्यावर उतरवा. ३.२ टीबीच्या आसपास माल असेल, सेकंदाला १२० एमबी धरले तर सात-साडेसात तास. रात्री लावून झोपा. उतरवून झालं की चार-पाच मोठ्या फाइली त्या डिस्कवरून थेट लॅपटॉपवर चालवून बघा, सुरुवात, मध्य आणि शेवट.

ती प्रत हातात आल्यावरच दुसरी नवी डिस्क तिसऱ्या बेमध्ये घाला. नॅसची सिस्टिम डीएसएम ७ असेल तर स्टोरेज मॅनेजरमध्ये "रिप्लेस ड्राइव्ह" मिळेल. आजारी डिस्क जागेवर राहते, नवीवर मजकूर उतरतो, आणि त्या सगळ्या वेळात पूल एका पायावर येत नाही. तुमचे दोन बे रिकामे आहेत ही फार चांगली गोष्ट आहे. चारही भरलेले असते तर आजारी डिस्क काढून मगच नवी घालावी लागली असती, आणि दुरुस्ती होईपर्यंत सगळा भार पहिलीवर आला असता.

जुनी डिस्क काढताना बे नंबरावर भागवू नका. स्टोरेज मॅनेजरमध्ये दिसणारा सिरियल नंबर आणि डिस्कच्या लेबलवरचा सिरियल नंबर जुळला तरच ओढा. शक्य असेल तर आजच प्रत्येक ट्रेवर शेवटचे चार आकडे चिकटवून टाका. बिघडलेली समजून चांगली डिस्क ओढली गेल्यामुळे गेलेले पूल मी दुरुस्तीच्या कामात बघितले आहेत.

झाडीचा पोऱ्या

समजलं जी. पण एक हिशेब जुळत नाही. एक ८ टीबी प्रत म्हणून बाहेर, दुसरी आजारी डिस्कच्या जागी. मग आत ४ आणि ८ राहिल्या, म्हणजे जागा होती तेवढीच! प्रत काढून झाल्यावर ती बाहेरची डिस्क पण आत टाकली तर?

मोहफूल

हिशेब बरोबर आहे. ४ आणि ८ च्या जोडीत ४ च मिळतात. ती बाहेरची डिस्क आत टाकली तर ४, ८, ८ चे १२ टीबी होतील, पण पुलात घेताना नॅस तिच्यावरचं सगळं पुसतो. म्हणजे तुमच्याकडे पुन्हा एकच प्रत उरेल, तीही अशा वेळी जेव्हा पूल वाढवायचं सगळ्यात जड काम चालू आहे.

ती डिस्क बाहेरच राहू द्या. हे मी हट्टाने सांगते आहे.

सातपुडा_पायथा

ताईंशी शंभर टक्के सहमत. माझा वेगळ्या पुलाचा मुद्दा मागे घेतो, कारण बाहेर प्रत असली तर एकच पूल केलेला परवडते. बाहेर प्रत नसली तर दोन पूल करूनही काही खरं नाही. आमच्याकडे एका दुकानात वीज पडली तेव्हा राऊटर, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर आणि नॅस एकदमच गेले. त्यात किती पूल होते यानं काय फरक पडला असता?

रेड म्हणजे एक डिस्क गेली तरी काम न थांबणं. चुकून फोल्डर पुसलं गेलं, तर रेड इमानेइतबारे ते दोन्ही डिस्कवरून पुसते. चोरी, आग, रॅन्समवेअर, यातलं काहीच ते अडवत नाही.

तलावाकाठी

मी बरेच दिवस हा धागा वाचतो आहे, एक वेगळा मार्ग सुचवू का? मी नवेगावबांधकडचा. पक्ष्यांचे व्हिडिओ आणि आवाज साठवतो. जुन्या कॉम्प्युटरवर ओपनमीडियाव्हॉल्ट (त्याचा नॅस करणारी सिस्टिम) टाकून त्यावर स्नॅपरेड आणि मर्जरएफएस चालवतो.

त्यात प्रत्येक डिस्कवर आपापली स्वतंत्र फाइल सिस्टिम असते, मर्जरएफएस त्या सगळ्या एकत्र दाखवतं. स्नॅपरेडसाठी एक डिस्क पॅरिटीला (गेलेली डिस्क परत उभी करायला लागणाऱ्या हिशेबाला) द्यायची, ती बाकीच्यांतल्या सगळ्यात मोठीएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी. पॅरिटी तुम्ही सांगाल तेव्हाच मोजली जाते, आपोआप नाही. त्यामुळे आज टाकलेली फाइल पुढच्या सिंकपर्यंत उघडी असते. पण दोन डिस्क एकदम गेल्या तरी उरलेल्या डिस्कवरच्या फाइली जशाच्या तशा वाचता येतात. एकदा टाकलं की न बदलणाऱ्या नाटकाच्या चित्रणासाठी हे फार जमतं, आणि जी डिस्क लागत नाही ती झोपून राहते.

वर्धाकाठ

तलावाकाठींचा मार्ग चांगला आहे, पण तो सांभाळायला कमांड लाइनशी रोजचा परिचय असलेला माणूस लागतो. पोऱ्याभाऊंच्या गटात तो माणूस नोकरीसाठी पुण्याला गेला तर? गावात जे चार जण मिळून चालवतात, तिथे बटणांचा नॅस बरा असं माझं मत.

मी स्वतः ट्रूनॅस या दुसऱ्या नॅस सिस्टिमवर झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरतो. तिथे रेड-झेडमध्ये (तिच्यातल्या रेड-५ सारख्या पद्धतीत) एकेक डिस्क वाढवायची सोय बरीच वर्षं नव्हती, जानेवारी २०२५ च्या ओपनझेडएफएस २.३ मध्ये ती आली. तरी माझा सल्ला : हातात चालू असलेली यंत्रणा चांगली असेल तर फक्त नावासाठी दुसरीकडे जाऊ नका.

पऱ्हाटी

मध्येच विचारते, माफ करा. आमच्या शाळेत पण सिनॉलॉजीचा नॅस आहे. व्हॉल्युम ९३ टक्के भरला म्हणून मी जुने कार्यक्रमांचे व्हिडिओ जवळजवळ ३०० जीबी पुसले. टक्केवारी हललीच नाही. काहून असं होत असेल?

मोहफूल

ताई, दोन ठिकाणी बघा. शेअर्ड फोल्डरचं रिसायकल बिन चालू असेल तर पुसलेलं तिथे जाऊन बसतं, ते रिकामं करावं लागतं. आणि स्नॅपशॉट (फोल्डरची त्या त्या वेळची जपलेली स्थिती) लावलेले असतील तर जुन्या स्नॅपशॉटमध्ये ते व्हिडिओ अजून आहेत. ज्या स्नॅपशॉटमध्ये फाइल आहे तो शेवटचा स्नॅपशॉट जाईपर्यंत जागा सुटत नाही. स्नॅपशॉट त्याचसाठी असतो, चुकून पुसलेलं परत मिळावं म्हणून.

सगळे स्नॅपशॉट एकदम उडवू नका. किती दिवसांचे ठेवायचे ते ठरवा आणि जुने काढा. बीटीआरएफएसला मोकळी जागा लागते, ९० च्या वर नेऊ नका. आणि एक : व्हॉल्युम वाढवता येतो, कमी करता येत नाही. त्यामुळे पुलात अजून जागा शिल्लक असेल तर ती सगळी एका झटक्यात देऊ नका.

पऱ्हाटी

रिसायकल बिनमध्येच होते सगळे. ७१ टक्क्यांवर आलं. धन्यवाद ताई.

तलावाकाठी

पोऱ्याभाऊ, विजेचं काय केलं आहे? इन्व्हर्टरवर असेल तर ऐका.

घरचा इन्व्हर्टर पंखे-दिवे चालवतो, पण बॅटरी संपत आली हे तो नॅसला सांगत नाही. वीज सकाळी गेली, दुपारी बॅटरी संपली, की नॅस लिहिता लिहिता बंद. त्यासाठी यूएसबी वायरने नॅसला जोडला जाणारा लहान यूपीएस हवा. नॅसच्या सेटिंगमध्ये यूपीएस चालू करून "इतक्या मिनिटांनी सुरक्षित बंद हो" असं सांगता येतं. मागे इन्व्हर्टर असला तरी हा यूपीएस मध्ये हवाच. डिस्क बदलताना किंवा पूल वाढवताना तर याशिवाय हात लावू नका.

पावसाळ्यात वीज चमकायला लागली की प्लग काढतो तसा लॅनची वायरही काढा. बाहेरून येणारी वायर फायबर असेल तर तिच्यातून झटका येत नाही, पण फायबरच्या डब्याचा अडॅप्टर विजेवरच असतो, आणि गच्चीवरून खाली आलेली तांब्याची वायर तर सरळ घरात आणते. अर्थिंग नीट आहे की नाही हे वायरमनकडून एकदा मोजून घ्या.

वर्धाकाठ

आणि उन्हाळा. या नॅसच्या कागदावर चालवण्याचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं, म्हणजे खोलीचं. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीला पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या छपराखाली त्याहून जास्त. चित्रीकरण होळीला थांबतं ना? मग मे महिन्यात दिवसभर नॅस चालू ठेवायची गरजच नाही. वेळापत्रक लावून रात्री उशिरा ते सकाळपर्यंत चालू ठेवा, स्क्रबिंग त्याच वेळात होऊ द्या.

कूलरच्या थेट समोर ठेवू नका, ती हवा ओली असते. धानगिरणी जवळ असेल तर कोंड्याची धूळ पंख्यात बसते. नॅस बंद करून पंखा आणि जाळी ब्रशने साफ करायची सवय लावा.

मोहफूल

स्क्रबिंगचा विषय निघालाच तर एक गोष्ट सांगते, कारण ती नंतर बदलता येत नाही. स्क्रबिंग म्हणजे साठवलेला सगळा मजकूर वाचून तो बरोबर आहे का हे ताडणं. बीटीआरएफएसमध्ये फाइल कुजली आहे हे ओळखायला चेकसम (मजकुरावरून काढलेला ताळ्याचा आकडा) लागतो, आणि तो पर्याय शेअर्ड फोल्डर तयार करतानाच निवडावा लागतो. तुमच्या "नाटकं" फोल्डरला तो नसेल तर नवं फोल्डर करून चेकसम चालू करा आणि फाइली त्यात हलवा. कायम जपायच्या चित्रणाला हे हवंच. जागा कमी असली तर एकेक हंगाम करून हलवा.

हे काम डिस्क बदलून झाल्यावरचं. आधी नाही.

झाडीचा पोऱ्या

मंडळी, कळवायला उशीर झाला, गावात रोवणी चालू होती.

यूपीएस आधी घेतला, मग बाकीचं. एका नव्या डिस्कवर सगळी प्रत उतरवली, फाइली चालवून बघितल्या. दोन नाटकांच्या फाइली उतरताना फार वेळ घेत होत्या, पण उतरल्या आणि नीट चालतात. मग तिसऱ्या बेमध्ये नवी डिस्क घालून "रिप्लेस ड्राइव्ह" केलं. पूल शेवटपर्यंत हिरवा राहिला. तोवर आजारी डिस्कचे १९७ चे आकडे ५६ वर गेले होते! सिरियल नंबर जुळवून ती बाहेर काढली.

गटात बैठक झाली. बाहेरची प्रत बाहेरच राहणार हे सगळ्यांनी मान्य केलं. तिसऱ्या ८ टीबीसाठी दसऱ्यापर्यंत पुन्हा वर्गणी करू. तोवर दुसऱ्या कॅमेऱ्याचं उरलेलं चित्रण एच.२६५ मध्ये दाबून ठेवायचं ठरलं आहे, मुख्य कॅमेऱ्याचं मूळ तसंच.

दोन प्रश्न उरले. काढलेल्या डिस्कचं काय करू, निदान गाणी-बिणी ठेवायला चालेल का? आणि बाहेरची प्रत आमच्यापैकी एकाच्या मावशीकडे ब्रह्मपुरीला ठेवतो आहे. इंटरनेटवर चढवली तर बरं होईल का?

मोहफूल

फार नीट केलंत दादा. फाइली उतरायला वेळ लागला त्या बहुतेक आजारी सेक्टरवरच्या असतील. त्या दोन नाटकांच्या फाइली एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणीतरी बसून बघा.

काढलेली डिस्क वॉरंटीत असेल तर बदलून घ्या, नसेल तर कशालाच वापरू नका. देण्याआधी पुसून द्या.

तिसरी ८ टीबी आली की दुसऱ्या बेमध्ये घाला आणि पुलात सामील करा. एसएचआरमध्ये नवी डिस्क पुलातल्या सगळ्यात मोठीएवढी किंवा मोठी असली तर चालते, तुमची आहे. पुलाची मांडणी बदलायला बराच काळ लागेल, नॅस हळू वाटेल, चालू द्या. पूल वाढला तरी व्हॉल्युम आपोआप वाढला असं समजू नका, व्हॉल्युमच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा. शेवटी स्क्रीनवर १०.९ टीबीच्या आसपास दिसलं पाहिजे. चौथ्या बेमध्ये पुढे कधी अजून एक ८ टीबी घातली तर १८.२.

इंटरनेटचा हिशेब : २० एमबीपीएस अपलोड मिळाला तरी एका कॅमेऱ्याची एक रात्र, १३५ जीबी, चढायला १५ तास लागतात. सगळं चढवायच्या मागे लागू नका. तयार झालेली संपादित नाटकं चढवा, मूळ चित्रण ब्रह्मपुरीच्या डिस्कवर.

सातपुडा_पायथा

त्या ब्रह्मपुरीच्या डिस्कबद्दल एक. सिनॉलॉजीच्या हायपर बॅकअप प्रोग्रामने अनेक आवृत्त्यांची प्रत केली असेल तर ती त्याच्या स्वतःच्या साच्यात असते, साध्या लॅपटॉपवर फोल्डर म्हणून उघडत नाही, वेगळा प्रोग्राम टाकावा लागते. एकाच आवृत्तीची साधी प्रत केली तर फाइली जशाच्या तशा दिसतात. तुमच्या गटात उद्या दुसराच कोणी हे सांभाळेल, त्याला सरळ उघडणारी प्रत द्या. कुठल्या फाइल सिस्टिमची डिस्क आहे, विंडोजवर उघडते की लिनक्स लागते, हे डब्यावर लिहून ठेवा.

झाडीचा पोऱ्या

साधीच प्रत केली आहे, एनटीएफएसवर (विंडोजच्या फाइल सिस्टिमवर). आणि नॅसचा खोकाच बंद पडला तर? डिस्क चांगल्या, पण खोका गेला?

वर्धाकाठ

तर त्या डिस्क त्याच क्रमाने दुसऱ्या सिनॉलॉजीत घालता येतात, बहुतेक मॉडेलमध्ये तो पूल ओळखून पुढे चालू करतो. तोही नसेल तर लिनक्स टाकलेल्या कॉम्प्युटरला डिस्क जोडून वाचता येतात, कारण एसएचआरच्या खाली लिनक्सचंच एमडी रेड आणि एलव्हीएम (डिस्क जोडायच्या लिनक्सच्या सोयी) आहे. दोन्ही वेळी "इनिशियलाइझ" किंवा "फॉरमॅट" विचारलं तर नाही म्हणायचं आणि इथे येऊन विचारायचं.

मोहफूल

आणि मावशींकडची डिस्क हंगाम संपला की आणून नवीन चित्रण तिच्यावर चढवा, त्याच वेळी तिचेही स्मार्टचे आकडे बघा. आणायच्या दिवशी नॅसवरची प्रत शाबूत आहे ना हे तपासूनच ती घरातून निघू द्या, म्हणजे दोन्ही प्रती एकाच छताखाली असतील तेवढ्या वेळात एक तरी नक्की धड आहे हे माहीत असेल. काम झालं की त्याच दिवशी परत ब्रह्मपुरीला.

झाडीचा पोऱ्या

होय जी. ट्रेवर चिठ्ठ्या लावल्या, डब्यावर तारीख, फाइल सिस्टिम आणि सिरियल नंबर लिहिला. दसऱ्यानंतर तिसरी डिस्क घातली की आकडे इथेच टाकतो.